भरल्या गाडीचा गिअर

मांजरसुंब्याच्या चौकात उत्तरेश्वर मिस्त्री कुठं बसतात असं विचारलंत, तर माणसं आधी तुमच्या गाडीकडं बघतात. गाडी रिकामी दिसली तर सांगतात, "आधी भरून आना." मला वाटलं, चेष्टा चाललीये. मी राधाकिशन, तलवाड्याचा. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं शाखा अभियंता होतो. आयुष्यभर एस्टिमेटं केली, पाझर तलाव बांधले, त्यातले दोन अजून पाणीही धरतात. अशा माणसाला चौकातला पानवाला सांगणार, गाडी भरून आण! मी काच वर केली आणि दुकान स्वतःच शोधलं.

दुकान म्हणजे एका ढाब्याच्या मागं, कडुनिंबाखाली टाकलेलं पत्र्याचं शेड. पाटी नाही. पुढं ट्रॅक्टरचे उघडे गिअरबॉक्स मांडलेले, आणि पत्र्याच्या दारावर खडूनं लिहिलेले आकडे. गाडीचा नंबर, पुढं रिकाम्या गाडीचं वजन, त्याच्यापुढं भरलेल्या गाडीचं वजन. काही नंबरांपुढं 'पोचली' असा एक शब्द. लांबच्या प्रवासाला निघालेली गाडी मुक्कामाला लागली की मालकानं फोन करायचा आणि मिस्त्रींनी तो शब्द लिहायचा, अशी तिथली रीत.

मिस्त्री पंचावन्नचे असतील. अंगानं वाळलेले, बोलणं मोजकं, आणि हाताची बोटं अशी की कुठला दात किती झिजलाय हे अंधारात चाचपून सांगतील. घर ऊसतोडीचं. दिवाळी झाली की आईबाप बिऱ्हाड घेऊन कारखान्याकडं निघायचे, आणि हा पोरगा फडात कमी, कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टरखाली जास्त. शाळा चौथीपर्यंत, तीही दरवर्षी दिवाळीपर्यंतच. पुढचं सगळं शिक्षण बिघडलेल्या गिअरबॉक्सांनी दिलं. मी हे थोडं जळूनच सांगतोय. माझ्याकडं डिप्लोमा आहे, फ्रेम करून लावलेला.

त्यांच्या तऱ्हा ऐकाव्या तेवढ्या थोड्या. एक पाण्याचा टँकरवाला रिकामा टँकर घेऊन आला, मिस्त्रींनी त्याला विहिरीवर परत पाठवला. एक बँडवाला गाडीला क्लच बसवायला आला, त्याला म्हणाले, "वाजपी आना." बारा वाजपी ढोलताशांसकट गाडीत बसवले, गाडी घाटावर नेली, आणि मग कामाला हात लावला. वाजप्यांनी वैतागून चढावरच एक गाणं वाजवलं म्हणतात.

आणखी एक खोड. नव्या ड्रायव्हरला त्यांचा पहिला प्रश्न, "उताराला गाडी न्यूट्रल करतो का?" डिझेल वाचतं म्हणून आपल्याकडं निम्मे ड्रायव्हर उतार लागला की गिअर काढून टाकतात. जो खरं सांगेल त्याचं काम होतं, पण चहा मिळत नाही. जो खोटं सांगेल त्याचं कामही होत नाही. ब्रेकचे झिजलेले लायनर बघून त्यांना कळतंच.

शेडच्या कोपऱ्यात बाजेवर त्यांची आई बसलेली असते, छबुबाई. ऐंशीच्या पुढची, पण नजर अशी की पाना कुठं ठेवलाय हे मिस्त्री तिलाच विचारतात. हिचीही एक तऱ्हा सगळ्या चौकाला ठाऊक. उतार आला की ही म्हातारी गाडीत बसत नाही. जीप असो, रिक्षा असो, माथ्यावर गाडी थांबवायला लावते, खाली उतरते, काठी टेकत उतार चालून जाते आणि तळाला पुन्हा बसते. पोरानं स्वतः गिअर बसवलेल्या गाडीतही तेच. "सगळा जिल्हा मिस्त्रीवर विसंबतो, फक्त आईच विसंबत न्हाई," असं चौकात हसून म्हणतात. मिस्त्रींपुढं मात्र कुणी म्हणत नाही.

आता माझं सांगतो. आमची एकुलती लेक स्वप्नाली फळबागांचं शिकायला हिमाचलात गेली आणि तिथल्याच एका सफरचंदवाल्या पोराशी लग्न करून किन्नौरमधल्या एका गावात राहिली. जावई गुणाचा आहे, माझी तक्रार नाही. तक्रार त्या गावाच्या रस्त्याशी. शेवटचे अकरा किलोमीटर नुसते दगड आणि चढउतार. लग्न इकडं झालं, त्यामुळं लेकीचं घर आम्ही दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. जाऊ जाऊ म्हणता माझी बायको विमलबाई आडाच्या पायरीवरून घसरली, आणि तिच्या मणक्यात चार स्क्रू बसले. अर्ध्या तासाच्या वर बसता येत नाही. आडवं झोपून कितीही लांब जाता येईल, पण धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि त्यातच बातमी आली की स्वप्नालीला दिवस गेलेत. तिलाही डॉक्टरांनी प्रवास बंद केला. जूनच्या शेवटाची तारीख दिली. बाळंतपणाला लेक आईकडं येणार नाही, तर आईनं लेकीकडं जायचं. विमलबाईनं हे एकदाच सांगितलं, पुन्हा नाही. ती जे एकदाच सांगते ते करावं लागतं.

म्हणून मी लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी फोर बाय फोर गाडी घेतली. वर खोली बांधून घेतली, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. गावात तिला 'सायबाचं घर' म्हणायला लागले. आता राहिला गिअर. अशा गाडीला नेहमीच्या गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक पेटी असते. तिच्यात 'लो' टाकला की गाडी हळू होते आणि तिची ओढ वाढते. माझ्या गाडीचा लो होता दोनास एक. म्हणजे आतला दांडा दोनदा फिरला की बाहेरचा एकदा. एवढ्या जड गाडीला डोंगरात तो पुरायचा नाही, दात बदलून अजून हळू करावा लागणार, इतपत मला कळलं होतं. किती हळू, ते मी महिनाभर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून ठरवलं. पाचास एक! शहरातल्या एका दुकानदारानंही फोनवर सांगितलं, जितका हळू तितका चांगला. मी चार पानांचा हिशोब केला आणि फेब्रुवारीत मांजरसुंब्याला गेलो.

"मिस्त्री, पाचास एक बसवायचाय. हा घ्या हिशोब."

त्यांनी कागद घेतले नाहीत. हात तेलाचे होते. "गाडीत काय काय जानार?"

"सगळं लिहिलंय. पाणी दोनशे लिटर, पलंग, सिलिंडर, डिझेल, आम्ही दोघं. गाडीसकट एकूण चार हजार आठशे किलो."

"दोघं म्हंजी कोन?"

"मी अन् आमची मंडळी. लेकीकडं चाललोय, बाळंतपणाला."

मिस्त्रींनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "ह्यो कागद ताईंनी बघितला का?"

"गिअरचा कागद तिनं कावून बघायचा?"

"मंग न्हाई जमायचं, सायेब. लेकीच्या बाळंतपनाला चाललेल्या आईची गाडी एवढ्यात भागत नसती. निघायच्या दिवशी जसा संसार भरनार तसा भरून आना. काट्यावर घालू, मंग गिअरचं बोलू. रिकाम्या गाडीचा गिअर मी ठरवत न्हाई."

माझं डोकं तापलं. "मिस्त्री, मी एकतीस वर्षं एस्टिमेटं केलीत."

"आसंल की. तळं बांधल्यावर पानी भरून बघितलं का, का कोरडंच सोडलं?"

बाजेवरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मी कागद गोळा केले आणि निघालो. त्या दिवशी मिस्त्रींबद्दल घरी येऊन मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. उंटावरच्या शहाण्याला खालून कुणी उतर म्हटलेलं आवडत नाही, एवढंच समजा.

मार्च उजाडला. शहरातल्या दुकानदाराकडून पाचास एक मागवण्याआधी जुन्या गिअरवर एकदा गाडी चालवून बघावी म्हणून मी विमलबाईला पलंगावर झोपवलं आणि मांजरसुंब्यामागच्या डोंगरातल्या मुरमाच्या वाटेवर नेलं. चढ ठीक गेला. उताराला गाडी पळायला लागली. लो टाकलेला असूनही एवढं वजन इंजिनाला ऐकेना, म्हणून मी ब्रेक दाबला. पुढची चाकं थांबली, मुरमावर घसरली, पुन्हा धरली. तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा मागून विमलबाईचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, आत ओढलेला श्वास होता. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून तसला आवाज मी ऐकला नव्हता.

घरी आल्यावर ती पडून राहिली. संध्याकाळी भाकरी थापायला उभी राहिली, दोन थापल्या आणि म्हणाली, "स्वप्नालीला सांगा, आई फोनवरच बरी." मग तिसरी थापायला घेतली. त्या रात्री मला लाज वाटली. चार पानांच्या हिशोबात तो श्वास कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून मिस्त्रींकडं गेलो. घडलं ते सांगितलं. त्यांनी 'मी म्हनलं न्हवतं का' असं म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "ताईंना इचारून गाडी भरा. तुमी मधी पडू नका. त्या भरतील ते भरू द्या."

गाडी भरायला दोन दिवस लागले. विमलबाई खुर्चीत बसून बोट दाखवायची, शेजारची पोरं उचलून आत ठेवायची. ज्वारीचे दोन कट्टे. गव्हाचा एक. गुळाच्या ढेपा. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, वाकळांत गुंडाळलेल्या. डिंकाचे लाडू, हळीव, शेवया, कुरडया. बाळाला न्हाऊ घालायला तांब्याचं घंगाळ. दळायचं जातं, कारण बाळंतिणीला गिरणीचं पीठ चालत नाही म्हणे. बाळंतिणीची बाज, सुंभ नवीन भरून घेतलेली. बाजेखाली ठेवायची शेगडी. आणि शेवटी गोवऱ्यांची दोन पोती.

इथं मात्र माझ्यानं राहवेना. "अगं, तिकडं गाई नसतात का?"

"आस्तील की. त्यांच्या शेनाचं आपल्याला काय ठाऊक?"

मी स्वतःच पोती आत ठेवली. मिस्त्रींनी मधे पडू नका म्हटलं होतं.

हमरस्त्यावरच्या काट्यावर गाडी चढवली. पाच हजार चारशे दहा किलो. माझ्या कागदापेक्षा सहा क्विंटल जास्त. त्यातले चार विमलबाईचे. उरलेले दोन माझेच निघाले. जादाची दोन चाकं, जॅक, साखळ्या, हत्यारांची पेटी हे मी हिशोबात धरायलाच विसरलो होतो. आयुष्यभर दुसऱ्याचं एस्टिमेट तपासलं, त्याचं हे फळ. मिस्त्रींनी दारावर खडूनं आकडा लिहिला आणि विमलबाईला विचारलं, "ताई, ह्यातलं काई कमी व्हनार न्हाई ना?"

"न्हाई, भाऊ."

"मंग झालं. कमी करा म्हननारा मी कोन?"

मी हळूच विचारलं, "वजन वाढलं म्हणजे पाचास एकच लागेल आता, नाही का?"

मिस्त्रींनी जमिनीवर बसून एक लाकडी पट्टी उचलली, तिचं एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं टोक पिळलं. "लई हळू गिअर म्हंजी लई ताकद. चाक दगडात अडकलं, फिरंना, तर ती ताकद कुठं जानार? चाकाच्या दांड्यात, एक्सलमदी." पट्टी कडकन मोडली. "तिकडं डोंगरात एक्सल तुटला तर ताईंनी काय बरनीतलं लोनचं खात बसायचं? आन् उताराला चाक लई आवळून धरलं, की ते फिरायच्या ऐवजी मुरमावर घसरतं. तुमी ब्रेक दाबल्यावर झालं तसंच. पाच न्हाई."

"मग?"

"तुमच्या कागदावरच्या वजनाला तीन बसवला आसता. ह्या वजनाला तीन ढिला पडंल, गाडी रेटंल, तुमचा पाय ब्रेककडं जानारच. आन् पाय गेला की ताईंच्या पाठीला धक्का. चारास एक. वर न्हाई, खाली न्हाई."

म्हणजे मी रिकाम्या गाडीचा हट्ट धरून एखाद्या भिडस्त मिस्त्रीकडं गेलो असतो, तर त्यानं कागदाला बरोबर असा चुकीचा गिअर बसवून दिला असता. आणि शहाण्यासारखा मी तो घेऊन गेलो असतो.

दात वाळूजच्या एका कारखान्यातून कापून आले, त्याला एप्रिल संपत आला. बसवायला तीन दिवस लागले. गाडी भरलेलीच उभी, विमलबाई आतल्या पलंगावर, आणि दुपारी छबुबाई काठी टेकत आत जाऊन तिच्या उशाशी बसायची. दोघींचं मेतकूट जमलं. दुसऱ्या रात्री, गाडीतच मुक्कामाला असताना, विमलबाईनं मला सांगितलं, म्हातारी उताराला गाडीत का बसत नाही ते.

उत्तरेश्वर नऊ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. छबुबाईला आठवा महिना. तोड संपवून टोळी गावाकडं निघालेली, ट्रॉलीत सगळा संसार, भांडी, कोंबड्या, पोरंबाळं, आणि वर छबुबाई. एका उताराला ट्रॅक्टरवाल्यानं डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं. भरलेल्या ट्रॉलीनं ट्रॅक्टर रेटत नेला. ट्रॉली कलंडली नाही, नुसते धक्के बसत गेले, खालपर्यंत. माणसं वाचली. छबुबाईच्या पोटातलं मूल वाचलं नाही. मुलगी होती. नऊ वर्षांच्या पोरानं ते सगळं ट्रॉलीच्या फळीला धरून बघितलं.

"ट्रॅक्टरवाला म्हनत होता, ट्रॉली रिकामी आसती तर काई झालं नसतं," विमलबाई म्हणाली. "त्यो पोरगा तवापसून भरल्या गाडीचाच गिअर ठरवतो." फेब्रुवारीपासून मी ज्याला आडमुठा म्हणत होतो त्या माणसाबद्दल मला इतका आदर वाटला की दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाकडं बघायला अवघड गेलं.

चाचणी त्याच मुरमाच्या वाटेवर. छबुबाईही बघायला यायचं म्हणाली आणि मागं विमलबाईपाशी बसली. माथ्यावर गाडी थांबली. तिथं म्हातारी नेहमीप्रमाणं उतरणार आणि मागून चालत येणार, हे ठरलेलंच होतं. मिस्त्रींनी मला पहिल्या गिअरमध्ये लो टाकायला लावला आणि म्हणाले, "आता पाय वर घ्या. मांडी घाला."

"मांडी?"

"जेवायला बसल्यावानी. पाय खाली आसला की ब्रेककडं जातोच. फकस्त स्टिअरिंग धरा. हातब्रेक हाय हाताशी, पर त्याला हात लावायचा न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी पुढं चालतो. ज्यानं गिअर बसवला त्यानं उताराला पुढं चालायचं."

हे ते प्रत्येक गाडीला करतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मला घाम फुटला. साडेपाच हजार किलोची गाडी, मी मांडी घालून बसायचं, आणि पाच हातांवर मिस्त्रींची पाठ. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि एक बोट हलवलं, म्हणजे सोडा.

तेवढ्यात माझ्या मागच्या खिडकीतून विमलबाईचा आवाज आला. "मावशी, मला भ्या वाटतंय. तुमी जाऊ नगा." मग काहीच नाही. दार उघडल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन राहिलो. दार उघडलं नाही. म्हातारी आतच राहिली होती. मिस्त्रींना हाक मारावी का? त्यांचं बोट पुन्हा हललं. मी हाक मारली नाही, क्लच आणि ब्रेक सोडले आणि मांडी घातली.

गाडी चालायला लागली. चालायला म्हणतो ते खरंच चालायला. इंजिनाचा एकसारखा गुरगुराट, आणि चाकं मुरमावर एकेक दगड ओळखून पाय ठेवल्यासारखी. मिस्त्री जितकं चालत तितकीच गाडी चाले, मिनिटाला पन्नास-बावन्न पावलं. उतार तिखट झाला, पण गाडीनं पाऊल वाढवलं नाही. जिथं मार्चमध्ये चाकं घसरली होती ते वळण आलं. मिस्त्रींच्या सदऱ्याला पाठीवर ठिगळ होतं, मी त्या ठिगळावर नजर ठेवून होतो. माझ्यात आणि त्यात पाच हातांचं अंतर होतं, ते पाच हातच राहिलं. मागून ना श्वास, ना कण्हणं. वळण गेलं. तळ आला. मिस्त्री बाजूला झाले, मी किल्ली फिरवून गाडी थांबवली.

"पाय लावला का?"

"नाही."

"हातब्रेक?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, तोंडावर काही नाही. मग कपाळावर हात धरून उताराकडं वर बघितलं. वाट मोकळी होती. "आई दिसंना," ते म्हणाले. "मागं ऱ्हायली वाटतं." आणि परत चढायला निघाले.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. छबुबाई दारात उभी राहिली, एका हातानं चौकट धरून. तिचा दुसरा हात अजून विमलबाईच्या हातात होता. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि पोरावर खेकसली, "उत्तऱ्या, गाडी कावून थांबवली रे? उतार आला का?"

मिस्त्री तिथंच थांबले. मग म्हणाले, "उतार गेला, आई."

म्हातारीनं वर डोंगराकडं बघितलं, मग खाली मुरमाकडं, मग पोराकडं. मला स्टिअरिंगपुढं मांडी घालून बसल्याबसल्या रडू आलं, आणि ते लपवायचं काही कारण मला आजही दिसत नाही. मिस्त्री दाराशी गेले आणि तिला उतरवून घ्यायला दोन्ही हात पुढं केले.

"आता कशाला उतरू?" ती म्हणाली. "चल, घरी जाऊनच उतरते." आणि आत जाऊन पुन्हा विमलबाईच्या उशाशी बसली.

मेच्या मध्याला आम्ही किन्नौरला निघालो, गोवऱ्यांसकट. शेवटच्या अकरा किलोमीटरला मी सहा तास लावले. विमलबाई लेकीच्या दारात स्वतःच्या पायांनी उतरली, स्वप्नालीला पोटाशी धरलं, आणि डोळे पुसून झाल्यावर मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, "आधी मिस्त्रींना फोन करा." परत आल्यावर मी मुद्दाम मांजरसुंब्याला जाऊन बघितलं. पत्र्याच्या दारावर आमच्या नंबरापुढं 'पोचली' लिहिलेलं होतं.